पॉलिसी डिबेटचं परीक्षण पहिल्यांदा करताय? पॅराडाइमपासून बॅलटपर्यंत

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये मुलं पॉलिसी डिबेटला, म्हणजे सरकारी धोरणावरच्या सांघिक वादविवादाला, लागली की थोड्याच दिवसांत कोचचा ईमेल येतो: शनिवारी परीक्षक हवेत. शाळेने जितक्या टीम न्यायच्या त्या प्रमाणात परीक्षकही न्यायचे, हा तिथला रिवाज आहे. पॉलिसीत साधारण दोन टीममागे एक परीक्षक लागतो. माणसं कमी पडली तर शाळेला दंड बसतो, कधी टीमच मागे घ्यावी लागते. त्यामुळे न्यू जर्सी असो, डॅलस असो की बे एरिया, अनेक मराठी आईबाबा कायदा किंवा राजकारणाशी काडीचा संबंध नसताना परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक सवय आधीच बाजूला ठेवा. आपल्याकडच्या वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत उच्चार, हावभाव, मांडणी, पाठांतर असे रकाने असतात आणि छान बोलणारा बक्षीस घेऊन जातो. पॉलिसीत निकाल टीमचा लागतो आणि तो एकाच प्रश्नावर लागतो: कोणता मुद्दा मांडला गेला, त्याला उत्तर आलं का, आणि शेवटच्या भाषणापर्यंत तो टिकला का? छान बोलण्याचे गुण वेगळे असतात, त्यांचा जिंकण्या-हरण्याशी संबंध नाही.

१. राउंड कसा चालतो ते आधी पाठ करा

दोन टीम, प्रत्येकीत दोघं. अफर्मेटिव्ह (सगळे 'अफ' म्हणतात) ठरावाच्या बाजूने एक ठोस योजना, म्हणजे 'प्लॅन', मांडते. निगेटिव्ह ('नेग') ती का राबवू नये ते सांगते. ठराव वर्षभर एकच असतो. २०२४-२५ला बौद्धिक संपदा हक्क होते, २०२५-२६ला आर्क्टिक प्रदेशातल्या शोधमोहिमा आणि विकास.

भाषणं आठ. पहिली चार 'कन्स्ट्रक्टिव्ह', प्रत्येकी ८ मिनिटं: १एसी, १एनसी, २एसी, २एनसी ('ए' म्हणजे अफ, 'एन' म्हणजे नेग, 'सी' म्हणजे कन्स्ट्रक्टिव्ह, पुढे येणारा 'आर' म्हणजे रिबटल). यातल्या प्रत्येकानंतर समोरच्या टीमकडून ३ मिनिटांची उलटतपासणी. मग चार 'रिबटल', प्रत्येकी ५ मिनिटं: १एनआर, १एआर, २एनआर, २एआर. शिवाय प्रत्येक टीमला तयारीसाठी वेळ मिळतो, कुठे ५ मिनिटं, कुठे ८. स्पर्धेच्या पत्रकात पाहून घ्या. नुसती भाषणं आणि उलटतपासणी मिळून ६४ मिनिटं होतात. तयारी, ईमेल आणि निकाल धरून दीड तासाच्या वरच जातं.

क्रम नीट पाहिलात तर दिसेल की २एनसी आणि १एनआर ही नेगची दोन भाषणं लागोपाठ येतात. या १३ मिनिटांना 'ब्लॉक' म्हणतात आणि त्याला उत्तर द्यायला १एआरला मिळतात ५ मिनिटं. पूर्ण राउंडमधलं हे सगळ्यांत अवघड भाषण. ते घाईघाईचं, तुटक वाटलं म्हणून वक्त्याला कमी लेखू नका. तिथे सगळेच धापा टाकतात.

नवे मुद्दे कन्स्ट्रक्टिव्हमध्येच मांडायचे. रिबटलमध्ये जुन्या मुद्द्यांवर बोलायचं, नवीन काढायचं नाही.

२. टॅबरूमवरची कामं

बहुतेक स्पर्धा टॅबरूम या संकेतस्थळावर चालतात. ते नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन चालवते. स्पर्धेच्या किमान आठवडाभर आधी खातं उघडा, कोचला सांगून त्यांच्या परीक्षकांच्या यादीशी ते जोडून घ्या आणि फोनवर सूचना येतील अशी सोय करा. कोणता राउंड, कोणती खोली, सगळं फोनवरच कळतं. नव्या परीक्षकांनी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं, अशी अट काही स्पर्धा घालतात. ते आदल्या रात्रीवर ठेवू नका.

'कॉन्फ्लिक्ट', म्हणजे ओळखीमुळे ज्यांचं परीक्षण तुम्ही करू नये अशी मुलं, नोंदवायला विसरू नका. स्वतःची शाळा आपोआप वगळली जाते, ओळखीपाळखी कुणाला दिसत नाहीत. महाराष्ट्र मंडळात ज्यांच्या घरी उठबस आहे किंवा रविवारच्या मराठी शाळेत ज्यांना तुम्ही शिकवता, ती मुलं दुसऱ्या शाळेकडून उतरली असतील तर नावं आधीच कळवा. चुकून समोर आलीच तर राउंड सुरू होण्यापूर्वी टॅब रूममध्ये, म्हणजे आयोजकांच्या खोलीत, जाऊन सांगा. सुरू झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

३. पॅराडाइम: हे मनापासून लिहा

पॅराडाइम म्हणजे तुम्ही परीक्षण कसं करता, काय चालतं आणि काय झेपत नाही, याचं टॅबरूमवरचं जाहीर निवेदन. नवे परीक्षक ते कोरं ठेवतात, आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं.

मुलं ते वाचून काय करतात ते समजून घ्या. मोठ्या स्पर्धांत टीम परीक्षकांना पसंतीक्रम देतात आणि त्यावरून नेमणुका होतात. छोट्या स्पर्धांत जोड्या जाहीर झाल्यावर वीस-तीस मिनिटं मिळतात, त्यात दोन्ही टीम तुमचं पॅराडाइम उघडतात आणि डावपेच बदलतात. जाणकार परीक्षकासमोर सहा-सात वेगवेगळे मुद्दे टाकणारी नेग पालक परीक्षकासमोर दोन-तीनच घेते, सावकाश बोलते, विद्वानांच्या शोधनिबंधांतल्या सैद्धांतिक भाषेऐवजी खर्च आणि परिणाम सांगते. तुम्ही 'वेग कितीही चालेल' असं लिहिलंत आणि प्रत्यक्षात अर्धं कानावरून गेलं, तर त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून राउंड गमावला.

एवढ्या गोष्टी त्यात असाव्यात:

- तुमचा अनुभव: किती राउंड पाहिले, यंदाच्या विषयाची कितपत माहिती आहे.
- वेग: मिनिटाला तीनशेहून जास्त शब्द बोलणं, म्हणजे 'स्प्रेडिंग', समजतं का. समजत नसेल तर स्पष्ट नाही लिहा. यात कमीपणा काही नाही.
- नोंदी कशा घेता: कागदावर की लॅपटॉपवर.
- कोणते मुद्दे ओळखीचे आहेत आणि कोणते समजावून सांगावे लागतील.
- पुरावे राउंडनंतर वाचता का, आणि कधी.
- ईमेलची साखळी (तिच्यावर टीम भाषणांचा मजकूर पाठवतात) हवी असेल तर पत्ता. ऑफिसचा नको, यासाठी वेगळा काढा. शेकडो अनोळखी मुलांकडे तो जातो.

नमुना म्हणून असा मजकूर चालेल (तुम्ही तो इंग्रजीत लिहाल; यातले शब्द पुढे भाग ५ आणि ६मध्ये समजावले आहेत): "पालक परीक्षक. पॉलिसी स्वतः केलेलं नाही. या वर्षी काही राउंड पाहिलेत. कागदावर फ्लो करते. रोजच्या बोलण्यापेक्षा थोडा वेग चालेल, स्प्रेडिंग नको. कागदावर आलं नाही ते मी मोजू शकत नाही. डिसअ‍ॅड, काउंटरप्लॅन आणि केसवरचे मुद्दे कळतात. क्रिटीक मांडायचं असेल तर प्लॅन झाल्याने नेमकं काय बिघडतं ते साध्या भाषेत सांगा. शेवटच्या भाषणात दोन्ही बाजूंची तुलना करा, ती मला करायला लावू नका. एकमेकांशी नीट वागा."

इतकं पुरे. फसगत होते ती दोन टोकांना. पहिलं टोक म्हणजे 'माझी पाटी कोरी आहे, काहीही चालेल'. याने कुणालाच काही कळत नाही आणि कुणाचीही पाटी तशी कोरी नसते. दुसरं टोक म्हणजे एखाद्या कॉलेज डिबेटरचं पॅराडाइम उचलून चिकटवणं. त्यात 'जज किक', 'कंडिशनॅलिटी', 'टेक ओव्हर ट्रूथ' असे शब्द येतात, आणि मग मुलं राउंडआधी त्याच शब्दांवर प्रश्न विचारतात. उत्तर देता आलं नाही की सगळं उघडं पडतं. तुमच्या राजकीय आवडीनिवडीही त्यात नकोत. त्या राउंडमध्ये आणायच्याच नाहीत, मग जाहीर कशाला करायच्या?

४. बरोबर काय न्यायचं

- लीगल आकाराचे, म्हणजे लांब कागद, दर राउंडला आठ-दहा. साधा कागद अपुरा पडतो.
- दोन रंगांची पेनं, प्रत्येक रंगाची एक जास्तीची.
- टायमर. फोन चालतो, पण मग सूचनांचा आवाज बंद.
- लॅपटॉप, चार्जर आणि एक्स्टेंशन वायर. शाळेच्या वर्गात प्लग नेमका लांबच्या भिंतीला असतो.
- स्वेटर, पाणी, डबा. परीक्षकांच्या खोलीत डोनट आणि कॉफी मिळते. दुपारी चारपर्यंत त्यावर भागत नाही.

५. फ्लो: कागदावर काय लिहायचं

फ्लो म्हणजे मुद्दे आणि त्यांची उत्तरं समोरासमोर येतील अशा नोंदी. प्रत्येक मोठ्या मुद्द्याला स्वतंत्र कागद. कागद उभा धरून भाषणांप्रमाणे रकाने पाडा. अफ एका रंगात, नेग दुसऱ्या.

भाषणाआधी वक्ता 'रोडमॅप' देतो: आधी टॉपिकॅलिटी, मग डिसअ‍ॅड, मग केस. त्या क्रमाने कागद लावून घ्या आणि 'तयार' अशी मान हलवा, मगच तो सुरू करेल. ऐकताना तीन गोष्टी टिपा: 'टॅग' (पुराव्याआधीचं एका ओळीतलं विधान), लेखकाचं आडनाव आणि साल, आणि जमलं तर कारण. पुराव्याचा मजकूर उतरवत बसलात तर पुढचे तीन मुद्दे निसटतील.

उत्तर नेमकं ज्याला दिलं त्याच्या शेजारी लिहा आणि रेघ ओढा. जागा रिकामी राहिली तर रिकामीच ठेवा. ती रिकामी जागाच पुढे निकाल ठरवते. तिला 'ड्रॉप' म्हणतात.

ईमेलवर भाषणाचा मजकूर येतो. तो वाचत ऐकण्याचा मोह आवरा. कागदावर सगळंच नीटनेटकं दिसतं, त्यामुळे जे नीट बोललंच गेलं नाही तेही ऐकल्यासारखं वाटतं. कळेनासं झालं की मोठ्याने 'क्लिअर' म्हणा. त्यात उद्धटपणा नाही, ती रीतच आहे.

उलटतपासणी ऐका, पण तिथली कबुली पुढच्या भाषणात कुणी वापरली तरच मोजा.

६. मुद्द्यांचे प्रकार, कामापुरते

*डिसअ‍ॅड:* प्लॅनमुळे होणारं नुकसान. साखळी अशी असते: आज ते नुकसान होत नाहीये, प्लॅनमुळे सुरू होईल, आणि परिणाम मोठा आहे. एक कडी तुटली की साखळी गेली.

*काउंटरप्लॅन:* नेगचा पर्याय. तो अफच्या प्लॅनपेक्षा सरस का, हे दाखवावं लागतं, बहुधा डिसअ‍ॅड टळतो म्हणून. अफचं नेहमीचं उत्तर 'पर्म': दोन्ही एकत्र करता येतात, मग पर्याय कसला?

*टॉपिकॅलिटी:* प्लॅन ठरावातच बसत नाही. यात ठरावातल्या शब्दाची व्याख्या, प्लॅन तिच्याबाहेर कसा, आणि ती व्याख्या वादासाठी बरी का, एवढं हवं. नेगने हे सिद्ध केलं तर बाकी काहीही असलं तरी ती जिंकते. अनेक टीम हा मुद्दा फक्त वेळ खायला टाकतात आणि पुढे सोडून देतात. सोडला की तुम्हीही सोडा.

*क्रिटीक, म्हणजे 'के':* प्लॅनमागच्या गृहीतकांवरच हल्ला. भांडवलशाही, वसाहतवाद, सुरक्षेची भाषा वगैरे. पहिल्यांदा ऐकताना गांगरायला होतं. तरी प्रश्न तेच विचारा: या प्लॅनशी संबंध काय, त्याने बिघडतं काय, पर्याय काय. तिन्ही उत्तरं मिळाली तर तो मुद्दा आहे, मग तुम्हाला पटो न पटो.

*केस:* अफच्या फायद्यांवर थेट वार. अफने आज काही बिघडलंय आणि प्लॅनने ते सुधारेल, एवढंही सिद्ध केलं नाही तर मत नेगला, कारण बदल सुचवणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी असते.

७. निकाल कसा काढायचा

एक कल्पित राउंड घेऊ. अफचा प्लॅन: अमेरिकेने आर्क्टिकसाठी आणखी जड आइसब्रेकर जहाजं बांधावीत, फायदा, तिथल्या अपघातांत बचावकार्य. नेगचा डिसअ‍ॅड: जहाजं बांधणारे कुशल कामगार मोजकेच आहेत, ते इकडे वळले की नौदलाच्या पाणबुड्या रखडतील, आणि त्यातून युद्धाचा धोका.

२एसीने तीन उत्तरं दिली: (अ) पाणबुड्या आजही उशिराच येतात, (आ) गोद्या वेगळ्या आहेत, (इ) थोड्या उशिराने युद्ध होत नाही. ब्लॉकमध्ये नेग म्हणाली: (अ) उशीर आता भरून निघतोय, (आ) गोद्या वेगळ्या असल्या तरी वेल्डर तेच. (इ)ला काहीच नाही. १एआरने (अ) आणि (इ) पुढे नेले, वेल्डरचा मुद्दा राहिला. २एनआर म्हणाला, वेल्डरला उत्तर नाही, म्हणजे संबंध मान्य. २एआरने उठून सांगितलं की वेल्डर दुसऱ्या राज्यांतून आणता येतात.

हे शेवटचं उत्तर कितीही खरं वाटलं तरी मोजायचं नाही. ते १एआरमध्ये यायला हवं होतं; आता नेगला उठून बोलायची संधी नाही. म्हणजे पाणबुड्या रखडणार, हे नेगने मिळवलं. पण 'युद्ध होत नाही' याला नेगने कधीच उत्तर दिलं नाही. २एआरने ते उचलून म्हटलं, "उशीर मान्य केला तरी युद्धाची शक्यता नगण्य आहे, आमचं बचावकार्य निश्चित आहे," तर मत अफला. २एआर ते म्हणायलाच विसरला, तर ते १एआरपर्यंतच जगलं, आणि तुम्ही त्याच्या वतीने ते जिवंत करू नका.

आता याच राउंडमध्ये नेग म्हणाली की अमेरिकेकडे एकही जड आइसब्रेकर नाही, म्हणून असे कामगारच उरलेले नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे की 'पोलर स्टार' १९७६पासून सेवेत आहे. अफने ते सांगितलं नाही तर तुम्हीही गप्प बसायचं. फार तर निकालानंतर शेरा लिहा. आयटीत किंवा पेटंटच्या कामात मुरलेल्या पालकांची इथे खरी परीक्षा असते. बौद्धिक संपदेच्या वर्षी तर स्वतःच्या ज्ञानावर निकाल देण्याचा मोह भल्याभल्यांना आवरणं कठीण होतं.

पद्धत म्हणून, शेवटची दोन भाषणं संपली की त्यांत जे बोललं गेलं त्यालाच गोल करा, आणि प्रत्येक गोलापासून मागे रेघ जाते का ते पाहा. तुटली तर खोडा. उरलेलं तोला. पुरावा उघडून वाचायचा तो दोन्ही टीम एकाच पुराव्याच्या अर्थावर भांडत असतील तेव्हाच.

८. गडबड झाली तर

पुरावा बनावट आहे किंवा वाचल्याचं भासवून मधला भाग गाळला (याला 'क्लिपिंग' म्हणतात), असा आरोप झाला तर राउंड थांबवा, आरोप करणारी टीम तो अधिकृतपणे करतेय का ते विचारा आणि टॅब रूमला बोलवा. स्वतःच्या अंदाजाने निवाडा नको. शेरेबाजी किंवा अपमान असेल तर मात्र वाट पाहू नका, तिथेच थांबवा.

९. बॅलट आणि बोलणं

टॅबरूमवर राउंड सुरू झाल्याचं बटण दाबा, नाहीतर आयोजक तुम्हाला शोधत येतात. शेवटी बॅलटवर, म्हणजे निकालपत्रिकेवर, विजेती बाजू निवडा आणि चौघांना गुण द्या. पट्टी ३०ची असली तरी वापर साधारण २७ ते ३० एवढाच होतो. २८.५ म्हणजे नेटकं काम, ३० क्वचित. आपल्याकडच्या हिशेबाने कुणाला २० दिलेत तर त्याची स्पर्धा तिथेच संपते, कारण बाद फेरीत कोण जाणार हे या गुणांवरही ठरतं. स्पर्धेने स्वतःची पट्टी दिली असेल तर तीच पाळा. हरलेल्या टीमचे गुण जिंकलेल्यांपेक्षा जास्त असू शकतात. काही स्पर्धा ते चालू देत नाहीत, आधी विचारून घ्या. मुलांचा उच्चार भारतीय, चिनी की टेक्सासचा, याचा गुणांशी संबंध नाही.

निकालाचं कारण, म्हणजे 'आरएफडी', थोडक्यात लिहा: मत कोणाला, कोणत्या मुद्द्यावर, आणि हरलेल्यांनी कोणत्या भाषणात काय केलं असतं तर निकाल फिरला असता. 'दोन्ही टीम छान, अटीतटीचा सामना' हे लिहून कोचच्या हाती काही लागत नाही. तोंडी सांगायची मुभा असेल तर पाच मिनिटांत सांगा, प्रश्न घ्या, वाद घालू नका. मुलं कधी 'पोस्ट-राउंडिंग' करतात, म्हणजे निकालावर उलटे प्रश्नांचे बाण सोडतात. फ्लोवर बोट ठेवून एकदा सांगा, मग खोली सोडा. बॅलट मात्र बोलण्याच्या आधी पाठवा. उशीर झाला की पुढच्या राउंडच्या जोड्याच लागत नाहीत.

आणि संध्याकाळी आपली टीम हरली म्हणून लगेच गाडी काढू नका. शाळा बाद झाल्यानंतरच्या पुढच्या एका फेरीसाठीही परीक्षकांनी थांबावं, असा बहुतेक स्पर्धांचा नियम असतो, आणि त्या फेरीत तीन परीक्षकांच्या पॅनेलवर तुमचं नाव असू शकतं.